पोटातला देव आणि आजीची एकादशी



आजचं वाचन गीतेच्या पंधराव्या अध्यायातलं, श्लोक १४ वा. आपल्यापैकी बऱ्याच जणांना पंधरावा अध्याय पाठ असतो. शिबिरात, आश्रमात जेवणाआधी म्हणून म्हणून तो तोंडात बसलेला असतो. मीही कित्येक वर्षं हा श्लोक समोरच्या वरणभाताच्या वासात गुंगून म्हटला आहे, म्हणजे अर्थाकडे लक्ष न देता. भगवंत तिथे सांगतात की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच राहतो, आणि प्राण-अपानाच्या साथीने चार प्रकारचं अन्न मीच पचवतो. ज्ञानेश्वर माउलींनी इथे पोटातल्या आगटीचं आणि श्वासाच्या भात्याचं रूपक केलंय. म्हणजे देव देव्हाऱ्यात बसून नैवेद्याची वाट बघतोय एवढंच नाही, आपण घास गिळला की तो आत कामालाही लागतो.

चार प्रकारचं अन्न म्हणजे कोणतं? चावून खायचं, गिळायचं किंवा प्यायचं, चाटायचं आणि चोखायचं. परवा हे वाचताना पहिल्यांदाच लक्षात आलं की माझ्या आजीच्या बाबतीत या चारातला पहिला प्रकार संपला आहे. तिला खालच्या बाजूला चार दात उरलेत, आणि कवळी तिने डब्यात जपून ठेवली आहे, लग्नाकार्याला लावते. राहिले तीन प्रकार. आणि गेल्या वर्षभरात मी तिच्या ताटाचं जे काही केलं, ते आठवून जरा लाज वाटली. आजचं चिंतन त्यावरच आहे, थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, गोरेगाव तालुक्यात. पुण्याहून गोंदियाला उतरायचं आणि मग एसटी. धानाचा मुलूख. दिवाळीच्या आसपास गेलं की बांधीत कापलेल्या धानाच्या पेंढ्या, रस्त्याच्या कडेला मळणी, गोंदिया शहराजवळ राईस मिलच्या कोंड्याचा वास, आणि गावोगाव जुने मालगुजारी तलाव. त्या तलावांत शिंगाडा लावतात, मासे धरतात. आजीच्या घरी आधी आठवड्यातून दोनदा मासळी असायची. पंचवीसेक वर्षांपूर्वी तिने गळ्यात माळ घातली आणि ते सुटलं. घरच्या बाकीच्यांचं नाही सुटलं, फक्त तिचं.

मागच्या दिवाळीला गेले तेव्हा तिला मिठी मारली आणि हाताला हाडं लागली. ब्लाऊज खांद्यावरून घसरत होता. वजन केलं तर ३७ किलो. त्याआधीच्या वर्षी ४२ होतं. बाबा म्हणाले, "म्हातारपण आहे, होतेच." आई म्हणाली, "जेवतच नाही गं त्या." आजी म्हणाली, "मले भूकच नाही लागत."

मी काय केलं? जे आपण सगळे करतो. मोबाईल काढला, अर्ध्या तासात डाएट चार्ट तयार केला आणि प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवला. भात कमी. मीठ कमी, बीपी आहे ना. तूप बंद. गूळ बंद. सकाळी ओट्स. संध्याकाळी सूप आणि सॅलड. सॅलड, मंडळी! चार दात असलेल्या बाईला कच्ची काकडी आणि गाजर. तिने तक्रार केली नाही, कारण नातीने प्रेमाने लिहून दिलं होतं. ओट्स ती दोन चमचे खायची आणि उरलेलं गायीच्या टोपल्यात जायचं. गाय खूश होती.

संक्रांतीच्या सुमारास बाबांचा फोन आला. आजी रात्री उठली, चक्कर आली आणि न्हाणीजवळ पडली. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. तपासलं तेव्हा तीन-चार गोष्टी एकदम समोर आल्या. रक्तात बी-१२ कमी. शरीरात पाणी कमी. दंडा-मांड्यांचे स्नायू झिजलेले. आणि डॉक्टरांनी विचारलं, "उपास किती करता आजी?" तिने बोटांवर मोजलं. सोमवार, दोन एकादश्या, संकष्टी आणि विनायकी. महिन्याचे सात-आठ दिवस. बाकीच्या दिवशी माझा चार्ट. म्हणजे पाहायला गेलं तर महिनाभरच उपास.

थोडं गणित सांगते, कारण ते मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याकडे राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगते. म्हातारपणी शरीर तेवढ्याच प्रथिनांतून आधीइतके स्नायू बांधू शकत नाही, म्हणून वृद्धांच्या आहारावर काम करणारे युरोपातले तज्ज्ञ किलोमागे निदान १ ग्रॅम धरायला सांगतात. म्हणजे आजीला दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास हवीत. तिचं खाणं काय? दिवसभरात दीडशे ग्रॅम तांदळाचा भात, त्यातून दहा-अकरा ग्रॅम. वाटीभर पातळ वरण, ज्यात डाळ जेमतेम पंधरा ग्रॅम, त्यातून तीन-साडेतीन. चहातलं दूध, अजून तीन. झाले सतरा. निम्म्याहूनही कमी. आणि उपासाच्या दिवशी साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. दाण्याचं कूट घातलं तर काय ते, आणि दाणे तिला चावत नाहीत.

भूक लागत नाही हेही खोटं नव्हतं. वय वाढलं की चव आणि वास दोन्ही मंदावतात, तहानेची जाणीव कमी होते. त्यात मी मीठ काढलं, तूप काढलं, गूळ काढला. म्हणजे जी थोडी चव तिच्यापर्यंत पोचत होती तीही बंद केली. पाणी ती मुद्दाम कमी प्यायची. रात्री उठून बाहेर जावं लागू नये म्हणून दुपारी चारनंतर घोटही नाही. आपल्या घरातल्या किती म्हाताऱ्या बाया हे करतात, कधी विचारून बघा.

आणि एक गंमत, जी गंमत नाही. आजीकडे आलेल्या रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळलेले होते, शंभराला एक या प्रमाणात. ते दिसायला जरा वेगळे, पिवळट. गावात बोलवा आहे की हा प्लास्टिकचा तांदूळ. आजी दुपारी सुपात तांदूळ घेऊन बसते आणि डोळ्याला चष्मा लावून ते दाणे एक एक वेचून बाहेर टाकते. ज्या गोष्टीची तिच्या रक्तात कमतरता, तीच ती इतक्या मन लावून वेचत होती. मला आधी हसू आलं. मग वाटलं, मीही चार्टमधून तूप असंच वेचून टाकलं होतं की.

कारण गीतेतच, सतराव्या अध्यायात, सात्त्विक आहाराचं वर्णन येतं तिथे काय म्हटलंय? आयुष्य, बळ, आरोग्य, सुख वाढवणारा. रसाळ, स्निग्ध, शरीरात टिकणारा, मनाला आवडणारा. स्निग्ध! आपण शहरातले लोक सात्त्विक म्हटलं की उकडलेलं, बिनतेलाचं, बेचव असं काहीतरी डोळ्यासमोर आणतो. भगवंतांनी तशी यादी दिलेलीच नाही. मनाला आवडणं हेही त्यांनी लक्षणांत घातलंय. मग त्याच अध्यायात पुढे तामस आहार येतो, शिळा, रस गेलेला, उष्टा. आता घरात शिळं कोण खातं? आजी. आदल्या रात्रीचा भात टाकायचा नाही म्हणून ती सकाळी पाणी घालून खाते. इथे मी तिला तामस वगैरे म्हणणार नाही. तिच्या पिढीला अन्न टाकणं हे पाप, आणि तैत्तिरीय उपनिषदही अन्नाला हलकं लेखू नका असंच बजावतं. पण प्रश्न असा पडतो, की अन्न टाकू नये हा धर्म सगळ्या घराचा, तर तो पाळायची पाळी रोज एकाच ताटावर का येते? ताजं सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं तिचं. सगळ्यांत शेवटी. साठ वर्षं असंच.

बरं, पडल्यानंतर मी माघात सुट्टी काढून गेले. जया एकादशी दोन दिवसांवर होती. मी ठरवूनच गेले होते की हा उपास होऊ द्यायचा नाही. आणि आपण अभ्यास करणारी मंडळी ना, माझ्याकडे शस्त्रही तयार होतं. सतराव्या अध्यायाचे पाचवा आणि सहावा श्लोक. शास्त्राने न सांगितलेलं घोर तप करणारे लोक शरीराला आणि शरीरात राहणाऱ्या मलाही कष्ट देतात, असं भगवंत म्हणतात. मी आजीला हे अर्थासकट ऐकवलं. म्हटलं, "बघ, तुझ्यात कृष्ण बसलाय आणि तू त्याला उपाशी मारतेस."

आजी तूरडाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो आत बसला आहे तर त्याचाही उपास होते न माझ्यासंगं. त्याले जड गेलं तर तो सांगन मले. तू काहून सांगून राहिली वं?"

मला उत्तर सुचलं नाही. रात्री तेच श्लोक पुन्हा उघडले तर लक्षात आलं की मी अर्धेच वाचून दाखवले होते. हे घोर तप कोण करतात, तर दंभ आणि अहंकाराने भरलेले लोक, असंही तिथे स्पष्ट आहे. आजीच्या उपासात दंभ कुठून शोधू? तिचा उपास शेजारणीलाही कळत नाही. अहंकार शोधायचाच तर फ्रिजवर प्रिंट होऊन चिकटला होता, खाली माझ्या नावासकट.

तरीही, मंडळी, मी इथेच थांबले असते तर तेही खोटं झालं असतं. भाव शुद्ध असला म्हणून स्नायू झिजायचे थांबत नाहीत. शरीराला अन्न मिळालं नाही तर ते स्वतःला खातं; त्याला उपासामागची श्रद्धा कळत नाही. "तिची श्रद्धा आहे, आपण कोण बोलणार" असं म्हणून हात झटकणं मला आदर वाटत नाही. ते बरेचदा आपल्या आळसाला दिलेलं चांगलं नाव असतं. पण तिच्या हातून पेला काढून घेऊन "आता तुझं मी ठरवणार" हेही प्रेम नव्हे. या दोन्हींच्या मधे कुठे उभं राहायचं, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता, आणि तो अजून पूर्ण सुटलाय असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिला सरळ विचारलं, "आजी, एक उपास सोडला तर काय होईल?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शेती तुया बापाच्या नावावर केली. पाटल्या तुया आईले देल्या. आता हातानं सैपाकही होत नाही. देवाले द्यायले माझ्यापाशी काय उरलं, सांग बरं? एक भूकच आहे न माझी."

मला इतके दिवस वाटत होतं की ती काहीतरी नाकारतेय. ती देत होती. आणि जो देतो त्याच्या हातातली शेवटची वस्तू काढून घेताना आपण त्याला काय देणार आहोत, हे मी ठरवलंच नव्हतं.

मग मी धर्मसिंधू काढला. हो, पीडीएफ. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेला हा ग्रंथ. व्रतं, तिथी, श्राद्ध यांच्या नियमांसाठी आजही भटजी हाच बघतात. मला वाटलं होतं तिथे कडक काहीतरी सापडेल. सापडलं ते असं, की एकादशीचा उपास आठ वर्षांच्या पुढच्या आणि ऐंशीच्या आतल्या माणसाला सांगितलाय. ज्याला पूर्ण उपास झेपत नाही त्याच्यासाठी एकवेळ जेवण, फळं, दूध अशा पायऱ्या आहेत. व्रतांच्या चर्चेत नेहमी येणारी आठ गोष्टींची यादी आहे, ज्यांनी व्रत मोडत नाही. त्यात पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषधही. आणि ज्याला शक्य नाही त्याच्या वतीने घरचं माणूस प्रतिनिधी म्हणून उपास करू शकतं.

मी धावत आजीकडे. "ऐंशीनंतर लागत नाही!"

"मले अठ्ठ्याहत्तर आहे," आजी म्हणाली. "आधारवर पाह्य."

आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो, कारण खरी तारीख कोणालाच माहीत नसते. म्हणजे ती ऐंशीच्या वरही असू शकते. हा मुद्दा मांडून पाहिला. ती म्हणाली, "अन् कमी असली तर?" सुप्रीम कोर्टात हवी होती ही बाई.

शेवटी प्रतिनिधीवर गाडी आली. मी म्हटलं, "तुझी एकादशी मी करते. निर्जळी नाही झेपणार, पण पाण्यावर करेन, पुण्यात, ऑफिसात. संकल्प तुझ्या नावाने. तू त्या दिवशी दूध, शिंगाड्याची पेज, केळं असं चार वेळा घ्यायचं, गोळी घ्यायची, आणि संध्याकाळी पाणी प्यायचं." प्रतिनिधीत नात बसते का, हे भटजींना विचारलं नाही. नाही म्हणतील अशी भीती होती.

दुसऱ्याने केलेल्या उपासाचं पुण्य पहिल्याला मिळतं का? तर्काने बघितलं तर विचित्रच आहे. माझ्या भुकेने तिचा हिशेब कसा चुकता होणार? पण गीतेच्याच तिसऱ्या अध्यायात स्वतःपुरतं शिजवून खाण्याला पाप म्हटलंय. तर मग भूकही फक्त आपापलीच असते का? तिने साठ वर्षं आमच्या वाटची भूक स्वतः घेतली, शेवटी बसून. तेव्हा कोणी तिला प्रतिनिधी म्हटलं नाही.

आजीने विचार केला. सोमवार आणि चतुर्थ्या सोडायला ती तयार झाली, अगदी सहज, मला धक्काच बसला. एकादशी तिने पूर्ण माझ्या हवाली केली नाही. म्हणाली, "सैपाकाचं अन्न नाही खाणार मी. दूध घेईन. तुया उपास तू कर, माया मी करतो. दोघी मिळून एक होईल." तेवढ्यावर तडजोड झाली.

बाकीच्या दिवसांचं आईने हातात घेतलं आणि माझा चार्ट चुलीत गेला. भात परत आला, कारण गोंदियातल्या म्हातारीचा भात काढणं म्हणजे मासोळीला पाण्याबाहेर काढून तिच्या तब्येतीची चौकशी करणं. आता मऊ खिचडी होते, त्यात तांदळाला जवळजवळ बरोबरीने मुगाची डाळ आणि वरून चमचाभर तूप. वरण घट्ट. मुंगण्याच्या शेंगा उकडून चोखायला, म्हणजे तो चौथा प्रकार. गुळात कालवलेली जवसाची पूड चाटायला. दुपारी वाटीभर दही. मीठ मोजून, पण आहे. बी-१२ च्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात. पाणी सकाळपासून चारपर्यंत जास्त, आणि न्हाणीत रात्रभर दिवा. आणि ती आता बाबांबरोबर, पहिल्या पंगतीला जेवते. हे घडवायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. ताट घेऊन बसायची आणि डोळे सगळ्यांच्या ताटांवर. (तुमच्या घरी कोणाला किडनीचा त्रास असेल किंवा साखरेची औषधं, इन्सुलिन चालू असेल तर डाळ-दूध वाढवण्याआधी आणि उपासाबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा. माझं बघून करू नका. माझ्या चार्टचं काय झालं ते वाचलंतच.)

प्लास्टिकच्या तांदळाचा वाद अजून चालू आहे. आई म्हणते राहू द्या, आजी वेचते. आईने युक्ती काढलीय, आजीचा चष्मा त्या वेळी सापडत नाही. हे बरोबर की चूक, मला माहीत नाही. मी आईला म्हटलं की फसवू नको, समजावून सांग. आई म्हणाली, तू येऊन सांग.

मागच्या आठवड्यात वजन ३९ भरलं.

काल एकादशी होती. ऑफिसात सगळे कँटीनला गेले आणि मी बाटलीभर पाणी घेऊन टेरेसवर. डोकं दुखत होतं, खरं सांगते, भक्ती वगैरे काही जाणवत नव्हती. वडापावचा वास मात्र स्पष्ट येत होता. वैश्वानर आत चांगलाच पेटला होता. तेवढ्यात आजीचा फोन.

"काय वं, काही खाल्लं?"

"आजी, तुझाच उपास करतेय ना मी!"

"माहीत आहे. दूध तरी पे. अवसान जाईल तुयं."

"तू प्यायलीस?"

"दोनदा. पेजही घेतली." मग थोडं थांबून, हळू आवाजात, आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "शिंगाड्यात गूळ कमी होता पण. सांगजो तुया आईले."